राजाश्रयाकडून लोककंठाकडे : विष्णु दिगंबर पलुसकर

झाशीचे संस्थान १८५४ साली खालसा झाले. गंगाधरराव नेवाळकर त्यापूर्वी काही महिने, १८५३ च्या नोव्हेंबरात, निवर्तले होते. हा राजा नाट्याचा व गायनवादनाचा मोठा शोकी होता आणि त्याच्या पदरी नटनट्यांचा व कलावंतांचा संच होता. १८५८ च्या रणसंग्रामात उरलेसुरले वैभवही लयास गेले. पुढे शहर व किल्ला शिंद्यांकडे गेला, १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात तो पुन्हा इंग्रजांकडे आला, आणि दरबार नावाची वस्तू झाशीत उरली नाही. परंतु गाणे मात्र उरले. पावसाळ्यात आल्हा गाणारे, फाल्गुनात ढोलकीच्या साथीवर ईसुरीच्या फागा म्हणणारे बुंदेलखंडी शेतकरी आणि मणिकर्णिकेचा विवाह ज्या गणेशमंदिरात झाला असे परंपरा सांगते, तेथे एकत्र उभी राहून आरती म्हणणारी मराठी कुटुंबे, या सर्वांनी ते जिवंत ठेवले. हे गाणे कोणा एका गवयाचे नव्हते. ते जमलेल्या सर्वांचे होते.

राजाश्रय संपल्यावर गाणे कोणाच्या आश्रयाने जगते, हा प्रश्न झाशीपुरता मर्यादित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्व हिंदुस्थानातील कलावंतांपुढे तो उभा होता, आणि त्याला ज्या एका पुरुषाने आपले सारे आयुष्य खर्चून उत्तर दिले, तो विष्णु दिगंबर पलुसकर हा होय. त्याच्या चरित्राचा येथे जो विचार करावयाचा आहे तो थोर गायक म्हणून नव्हे. गाणे मूठभरांच्या हातून काढून असंख्यांच्या कंठात कसे ठेवावे, या एका ध्यासाचे चरित्र म्हणून तो करावयाचा आहे.

या ध्यासाचे स्वरूप नीट ध्यानी यावे म्हणून क्षणभर दूरच्या एका देशाकडे पाहणे उपयोगाचे होईल. बाल्टिक समुद्राच्या काठी लाटव्हिया हा छोटासा देश आहे. तेथील लोकांना स्वतःचा राजा नव्हता, दरबार नव्हता. जमीन जर्मन सरदारांची होती आणि सत्ता रशियाच्या झारची. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत तेथील शेतकरी भूदास होते. त्यांच्यापाशी होती ती केवळ गाणी. क्रिश्यानिस बारोन्स या संग्राहकाने ती एकत्र केली, तेव्हा १८९४ ते १९१५ या काळात निघालेल्या खंडांत दोन लाखांहून अधिक चतुष्पद्या भरल्या. यानिस त्सिम्झे या शिक्षकाने आपल्या अध्यापकविद्यालयात गावोगावचे शाळामास्तर तयार केले, त्यांना चार सुरांच्या मेळात गाण्याची शिस्त लावली, आणि त्या मास्तरांनी खेडोपाडी गायनमंडळ्या उभ्या केल्या. १८७३ च्या जून महिन्यात रीगा येथे पहिला गीतमहोत्सव भरला. त्यात सुमारे एक हजार गायक एका वेळी गायले. कार्लिस बाउमानिस याने रचलेले जे गीत त्या प्रसंगी पुढे आले, तेच १९२० मध्ये स्वतंत्र लाटव्हियाचे राष्ट्रगीत झाले. राज्य नसलेल्या लोकांनी आधी गाणे उभे केले व गाण्यातून राज्य उभे केले, असे त्या इतिहासाचे सार आहे.

रीगाच्या त्या महोत्सवाच्या आदल्याच वर्षी, १८ ऑगस्ट १८७२ रोजी, दक्षिण महाराष्ट्रातील कुरुंदवाड या पटवर्धनी संस्थानात विष्णु दिगंबरांचा जन्म झाला. हा केवळ काळाचा योगायोग आहे. रीगाचे नावही त्यांच्या कानी आले असेल असे मानण्यास आधार नाही. तरीही दोन दूरच्या प्रदेशांत एकाच पिढीला एकच गरज जाणवली, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

मूळचे गाडगीळ असलेले हे घराणे पलूस गावावरून पलुसकर म्हणवू लागले. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. कीर्तन ही महाराष्ट्रातील एक विलक्षण संस्था आहे. बुवा एकटे उभे असतात. परंतु टाळकरी पदाचे ध्रुपद उचलतात, आणि शेवटी नामघोषात सर्व सभामंडप सामील होतो. एकाचे गाणे अनेकांचे कसे होते, याचा पहिला पाठ या मुलाला घरातच मिळाला असला पाहिजे. पुढे लहानपणीच दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाचा अपघात होऊन त्यांची दृष्टी कायमची अधू झाली. इंग्रजी शाळेचा मार्ग खुंटला. ज्या मुलाने कारकून किंवा वकील व्हावयाचे, त्याला डोळ्यांच्या उपचारासाठी मिरजेस नेले गेले आणि तेथे तो गवई झाला.

मिरजेस त्यांना गुरू लाभले ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. ख्यालगायनाची ग्वाल्हेर परंपरा महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने या बुवांना दिले जाते. ही विद्या मिळविण्यासाठी त्यांनी तरुणपणी उत्तरेची वाट धरली, ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांची सेवा केली आणि हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्या घराण्याची तालीम पदरात पाडून घेतली. झाशीपासून सुमारे शंभर किलोमीटरांवर असलेल्या त्या शहरात दरबार टिकून होता, म्हणून तेथे घराणे टिकले. मुसलमान उस्तादांनी जोपासलेली विद्या मराठी ब्राह्मणाच्या कंठात उतरली व तेथून कृष्णाकाठी आली. हा ऋणानुबंध पुढील कथेच्या संदर्भात विसरून चालणार नाही.

मिरजकर अधिपतींच्या कृपाछत्राखाली सुमारे नऊ वर्षे कठोर अध्ययन झाले. विष्णुबुवांना राहण्याजेवणाची ददात नव्हती. पहाटेपासून तंबोरा हाती घ्यावा आणि गुरूंसमोर बसावे, असा क्रम होता. अशा स्थितीत एक प्रसंग घडला, तो त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून नमूद केला आहे. गावातील एका समारंभाचे निमंत्रण राजाच्या मर्जीतला तरुण म्हणून विष्णूला आले. त्याच्या गुरूंना आले नाही. विचारणा केली तेव्हा, ते तर गवई, त्यांना कशाला बोलवायचे, अशा आशयाचे उत्तर मिळाले. ज्यांच्या पायाशी बसून आपण विद्या घेतो त्यांना समाजात बसावयास जागा नाही, ही जाणीव त्या तरुणाच्या मनात खोल रुतली. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. दरबारातील अन्न सुखाचे असले, तरी त्या अन्नासोबत येणारी पायरी त्यांना मान्य नव्हती.

पुढची पाच वर्षे भ्रमंतीची होती. सातारा, बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असा हा प्रवास झाला. राजेरजवाड्यांपुढे ते गायले. परंतु कोणाच्याही पदरी राहिले नाहीत. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की तिच्यातील धाडस सहजी कळत नाही. पैसे देऊन आत येणारा श्रोता कोणाही जातीचा, कोणाही दर्जाचा असू शकत होता. दरबारात गाणे ऐकावयास मिळणे ही कृपा होती. तिकिटाने तो हक्क झाला. मथुरेस त्यांनी व्रजभाषेचा व ध्रुपदाचा अभ्यास केला, आणि ख्यालातील शृंगारिक पदांच्या जागी भक्तिपर शब्द घालण्याचा त्यांचा पुढचा उद्योग येथूनच बळावला. गाणे घराघरांत न्यावयाचे तर ते आईबहिणींपुढे म्हणता आले पाहिजे, असा त्यामागील विचार होता.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. महाराष्ट्रातल्या एका अधू दृष्टीच्या माणसाने, जेथे त्याची भाषा कोणी बोलत नाही अशा नगरीत, लोकवर्गणीच्या भरवशावर संगीताची शाळा काढावी हे साहसच होते. आरंभी विद्यार्थी येईनात. हळूहळू मात्र संस्थेने मूळ धरले. ठराविक वेळेचे वर्ग, श्रेणीनिहाय अभ्यासक्रम, छापील पुस्तके, स्वतःचा छापखाना आणि स्वतःची स्वरलेखनपद्धती अशी तिची रचना होती. घरंदाज स्त्रियांनाही शिकता यावे अशी सोय त्यांनी पुढे केली. उस्तादाच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या फळ्यावर आली, तेव्हा तिच्यातील गूढ कमी झाले, आणि काही प्रमाणात तिचा गंधही कमी झाला असेल. परंतु दार उघडले हे निश्चित.

या संस्थेचा गाभा होता तो उपदेशकवर्ग. निवडक मुलांना नऊ वर्षे आश्रमासारखे जवळ ठेवावयाचे, त्यांच्या अन्नवस्त्राचा भार संस्थेने उचलावयाचा आणि शिक्षण संपल्यावर त्यांनी गावोगाव जाऊन शिकवावयाचे, अशी ही योजना होती. लाटव्हियाच्या त्सिम्झेने जे अध्यापकविद्यालयातून साधले, तेच येथे साधावयाचे होते. दोघांनाही एक गोष्ट उमगली होती : जनतेला गाते करावयाचे तर आधी गाणारे शिक्षक निर्माण केले पाहिजेत. मोठा गवई मैफल गाजवतो व निघून जातो. मास्तर मात्र गावातच राहतो. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, बी. आर. देवधर, नारायण मोरेश्वर खरे ही त्या मुशीतून निघालेली माणसे. यांतील काही श्रेष्ठ मैफलगायक झाले हे खरेच. पण त्यांतील बहुतेकांनी शाळा काढल्या, पुस्तके लिहिली, मुले शिकवली.

१९०८ साली विष्णुबुवांनी मुंबईस महाविद्यालय काढले आणि कार्याचे केंद्र तिकडे नेले. त्यांच्या जलशांची तऱ्हा ठरलेली असे. कार्यक्रम घड्याळाच्या ठोक्याला सुरू होई, सभागृहात शांतता पाळावी लागे, आणि आरंभी विद्यार्थ्यांचा समुदाय एकमुखाने प्रार्थना म्हणे. येथे लाटव्हियाहून एक मूलभूत भेद आहे, तो नोंदविला पाहिजे. रीगाच्या मैदानात चार भिन्न स्वरपंक्ती एकमेकींत गुंफल्या जातात. निरनिराळे सूर एकाच वेळी उमटून त्यांचा मेळ जमतो. आपला राग एका षड्जाला बांधलेला, एकपदरी; त्यात अनेकांनी गावयाचे म्हणजे सर्वांनी एकच स्वर लावावयाचा. आलाप-तानांची मोकळीक, क्षणाक्षणाला सुचणारी बढत, हे समूहाला साध्य नाही. म्हणून समूहगायनासाठी विष्णुबुवांनी ख्याल निवडला नाही. भजन, धून, राष्ट्रगीत यांची निवड केली. चाल सोपी, लय ठाम, आणि स्वर असा की न शिकलेल्या कंठालाही तो सापडावा, अशी ती रचना होती. रघुपति राघव या रामधुनीची जी चाल आज देशभर म्हटली जाते तिचे श्रेय त्यांनाच दिले जाते. एवढ्या मोठ्या गवयाने एवढी सोपी चाल बांधावी, ही तडजोड नव्हती. श्रोत्यालाच गायक करावयाचे म्हणून विचारपूर्वक पत्करलेली ती मर्यादा होती.

काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् म्हणण्याचा मान त्यांच्याकडे चालत आला. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात हजारोंच्या मंडपात शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा त्यांचा आवाज होता. १९१८ साली नारायणराव खरे साबरमतीच्या आश्रमात गेले, आणि विष्णुबुवांची समूहगायनाची पद्धत महात्मा गांधींच्या प्रार्थनेत रुजली. आश्रमभजनावलीच्या मागे खऱ्यांचेच परिश्रम आहेत. १९३० च्या दांडीयात्रेत जे सत्याग्रही चालले त्यांत खरेही होते, आणि त्या पदयात्रेबरोबर ही धूनही गावोगाव गेली. रीगाला हजार गायक मैदानात जमले होते. येथे मैदानच चालू लागले.

परंतु समूहाच्या गाण्याला आपली अशी एक अडचण असते. सर्वांनी एकच स्वर लावावयाचा म्हटले की तो स्वर कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. १९२३ साली काकिनाडा येथील अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धार्मिक कारणास्तव संगीताला हरकत घेतली. विष्णुबुवा थांबले नाहीत. हे राष्ट्राचे व्यासपीठ आहे अशा भूमिकेवरून त्यांनी वंदे मातरम् पूर्ण म्हटले. त्यांच्या निष्ठेबद्दल व धैर्याबद्दल आदर बाळगूनही हे म्हटले पाहिजे की, त्या मंडपात तेव्हा दोन प्रामाणिक माणसे परस्परांसमोर उभी होती आणि दोघांमधील प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. पुढे १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने त्या गीताची पहिली दोनच कडवी सभांतून म्हणावीत असे ठरविले, ते याच अडचणीचे निदर्शक होय. अलीकडच्या अभ्यासकांनी आणखी एक प्रश्न विचारला आहे. संगीताला भक्तीची व पावित्र्याची प्रतिष्ठा मिळवून देताना ज्या मुसलमान घराण्यांनी व ज्या गणिका-कलावंतिणींनी ते सांभाळले होते, त्यांना नव्या मंदिरात जागा उरली काय, असा तो प्रश्न आहे. ग्वाल्हेरचे ऋण ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाची धार अधिकच जाणवते. विष्णुबुवांच्या मनात कोणाविषयी द्वेष होता असे दिसत नाही. पण लोकांच्या स्वीकाराला किंमत असते आणि ती नेहमी लोकप्रिय माणसालाच चुकवावी लागते असे नाही.

स्वतः विष्णुबुवांनी जी किंमत मोजली ती थोडी नव्हती. मुंबईस त्यांनी महाविद्यालयासाठी मोठी इमारत उभारली. शेकडो विद्यार्थी, वसतिगृह, छापखाना, वाद्यांचा कारखाना यांचा व्याप वाढत गेला आणि त्याबरोबर कर्जही वाढले. लोकाश्रय हा राजाश्रयाइतकाच लहरी असतो, हे त्यांना येथे अनुभवास आले. राजा एकदा रुसतो. लोक मात्र कौतुक करीत असतानाच विसरून जातात. जलशांतून मिळवावे आणि व्याजात घालावे असे चालता चालता १९२४ च्या सुमारास ती इमारत सावकाराच्या हाती गेली. तोपर्यंत त्यांचे मन परमार्थाकडे वळले होते. अंगावर भगवी वस्त्रे आली, नाशकास रामनाम-आधार आश्रम निघाला, आणि मैफलीच्या गायकाच्या ठिकाणी तुलसीरामायण सांगणारा, श्रोत्यांकडून रामनाम म्हणवून घेणारा एक साधू दिसू लागला. वर्तुळ पुरे झाले, असे म्हणता येईल. कीर्तनकाराचा मुलगा पुन्हा कीर्तनाकडे आला.

संसारातही दुःख काही कमी नव्हते. त्यांना बारा अपत्ये झाली, त्यांतील एकच जगले. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय हा तो मुलगा. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पुढची तालीम त्याला विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांनी दिली, आणि द. वि. पलुसकर या नावाने तो गायकांच्या अग्रमालिकेत जाऊन बसला. तोही १९५५ साली अल्पवयातच निवर्तला. वडिलांनी शिष्यांना दिले ते शिष्यांनी मुलाला परत केले, ही गोष्ट त्या गुरुकुलाचे यश सांगण्यास पुरेशी आहे. खुद्द विष्णु दिगंबर २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस वारले. जेथून निघाले होते तेथेच.

त्यांच्यामागे इमारत राहिली नाही, पण माणसे राहिली. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले, त्याच्या परीक्षा देशभर पसरल्या, आणि लहानलहान गावांतील मुलामुलींनी प्रारंभिक, मध्यमा, विशारद या पायऱ्या चढावयास सुरुवात केली. १५ ऑगस्ट १९४७ च्या प्रातःकाळी आकाशवाणीवरून वंदे मातरम् गायले ते ओंकारनाथ ठाकुरांनी. पुढे १९५० साली काशी हिंदु विश्वविद्यालयात संगीताचे महाविद्यालय उभे राहिले, त्याची धुराही त्यांच्याकडेच आली. विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीस गांधर्व महाविद्यालय काढले व तेथे वृंदगायनाची स्वतंत्र परंपरा निर्माण केली. अनेक कंठांनी मिळून गावे ही कल्पना आपल्या अभिजात संगीतात रुजण्याजोगी आहे काय, याची चाचणी या संस्थेने प्रामाणिकपणे घेतली.

लाटव्हियातील कथा पुढे कोठे गेली तेही पाहण्यासारखे आहे. सोव्हिएत अंमलात तेथील राष्ट्रगीतावर बंदी होती, पण महोत्सव चालू राहिले. १९८५ साली याझेप्स वीतोल्स यांची एक लाडकी रचना कार्यक्रमातून वगळली असता गायकांनी व श्रोत्यांनी आग्रह धरून ती गाऊन घेतली. त्यानंतर काही वर्षांतच तो देश, आणि त्याचे शेजारी एस्टोनिया व लिथुएनिया, गात गात स्वतंत्र झाले; १९९१ मध्ये त्यांचे स्वातंत्र्य मान्य झाले. आजही दर पाच वर्षांनी तेथे महोत्सव भरतो, आणि २०२३ साली त्याने दीडशे वर्षे पुरी केली. आपल्याकडे जालंधरचा हरिवल्लभ संगीतमेळा १८७५ पासून, म्हणजे रीगाच्या पाठोपाठ, चालत आला आहे. विष्णु दिगंबरही तेथे गायले. परंतु तेथे लोक ऐकावयास जमतात, रीगाला गावयास. हा भेद बारीक आहे, पण विष्णु दिगंबरांच्या आयुष्याचा अर्थ त्याच भेदात आहे. ऐकणाऱ्यांचा देश गाणाऱ्यांचा करावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

ती पुरी झाली काय, याचे उत्तर निःशंकपणे देता येत नाही. शाळा झाल्या, परीक्षा झाल्या, गवयाला पंडित म्हणून मानाने बसविण्यात येऊ लागले. मिरजेच्या त्या समारंभाचा अपमान पुसला गेला. मात्र समूहाचे गाणे प्रार्थनेपुरते व समारंभापुरते उरले, आणि मैफल पुन्हा एका गायकाची व अनेक श्रोत्यांची झाली. तरीही दरबार नाहीसा झालेल्या झाशीसारख्या गावी भाद्रपदात गणपतीपुढे मराठी कुटुंबे टाळ घेऊन उभी राहतात, तेव्हा तेथे कोणी श्रोता नसतो. या साध्या गोष्टीत एका कुळाची किंवा एका पंथाची नव्हे, तर अवघ्या समाजाची शक्ती आहे, हे प्रथम ज्याने ओळखले व त्यासाठी आपला असामान्य कंठ सामान्यांच्या स्वाधीन केला, त्या पुरुषाची आठवण ठेवणे हे आपले कर्तव्य होय.